‘तुमचीच समजा’ म्हणाले, ‘दिली’ म्हणाले नाही

दान हा शब्द आधी मागं घ्या. आत्ता आशिषनं मानपत्र वाचलं, “शैलेंद्ररावांनी आपल्या संग्रहातली अमूल्य जर्मन दुर्बीण येथील क्लबास दान केली,” आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही दोन वाजवल्या, हाताला सवय म्हणून. मग डोक्यात शिरलं. आपल्या म्हणजे कुणाच्या? ती दुर्बीण माझ्या बापाची आहे. माझा बाप जिवंत आहे. जिवंत माणसाची वस्तू दुसऱ्यानं दान कशी करायची, ते मला या हॉलमधल्या एकानं तरी सांगावं. एवढे डॉक्टर-इंजिनिअर बसलाय की तुम्ही.

बरं. रीत सोडायला नको. समारंभाच्या अध्यक्ष डॉक्टर पद्मजाताई, शॅननहून आलेले जुन्या लष्करी वस्तूंच्या क्लबाचे प्रमुख फिंटन साहेब, आज ज्यांना निरोप द्यायचाय ते शैलेंद्रराव, त्यांच्या सौभाग्यवती उल्काताई, मंडळाचे कार्यकर्ते, आणि मागच्या रांगेत भज्यांच्या वासानं चुळबुळ करणारे माझे बंधू-भगिनी, सगळ्यांना प्रभा साळुंखेचा नमस्कार. पद्मजाताई, मी काय बोलते ते फिंटन साहेबांच्या कानात इंग्रजीतून सांगत राहा. त्यांचा यात काही दोष नाही.

मला महिलांच्या वतीनं दोन शब्द बोलायला सांगितलंय. माझ्या सुनेनं, केतकीनं, छान लिहून दिलं होतं. “अष्टपैलू व्यक्तिमत्त्व” असं सुरू होतं. तो कागद पर्समध्ये आहे, तिथंच राहू दे. मी माझी चार पानं लिहून आणलीत. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, माझं मलाच लागत नाही कधी कधी. अडखळले तर थांबा, पण मधे बोलू नका.

शैलेंद्ररावांचं चांगलं ते चांगलं म्हणीन. सहा वर्षं इथं परदेशात, गॉलवेत, नवा माणूस उतरला की हे विमानतळावर गाडी घेऊन हजर. माझा उपेंद्र आला तेव्हा पहिले पंधरा दिवस यांच्याच घरी जेवला. हे मी विसरलेली नाही. म्हणून तर चार महिने गप्प बसले. उपकाराचं ओझं असतं ना माणसाला. पण ओझं आहे म्हणून किती वाकायचं?

दोन वर्षांपूर्वी, दोन हजार तीन साली, याच हॉलमध्ये त्यांनी व्याख्यान दिलं होतं, आठवतंय का? जुन्या लष्करी रायफलींच्या गोळ्या, कुठल्या देशाची केवढी. पाटीवर रिकाम्या पुंगळ्या लावलेल्या, खाली चिठ्ठ्या. नुसत्या पुंगळ्या बरं का, भरलेली गोळी या देशात परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. मी लांबूनच बघितलं, थ्री नॉट थ्रीच्या खाली लिहिलेलं ‘जर्मन’ आणि जर्मनच्या खाली ‘थ्री नॉट थ्री’. मी म्हटलं, “शैलेंद्रराव, चिठ्ठ्या उलट्या लागल्यात.” ते हसले. “काकू, तुमचं पुरणपोळीचं खातं, हे आमचं.” सगळे हसले. मी म्हटलं, “हसा. थ्री नॉट थ्रीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, जर्मन सात ब्याण्णवच्या बुडाला आत खाच असते. आंधळ्यानं बोट फिरवलं तरी कळेल.” माझे वडील लढाई संपल्यावर फौजेत आर्मरर होते, रायफली दुरुस्त करायचे. आमच्या घरी भातुकलीत तांब्या-पेले नव्हते, पुंगळ्या होत्या. कडवाल्या नवऱ्याकडच्या, बिनकडवाल्या नवरीकडच्या. पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या सरळ झाल्या, आणि हे सगळ्यांना सांगत होते, “मी अभ्यास करून चूक शोधली.” मी तेव्हाही गप्प बसले. तिथंच चुकलं माझं.

आता दुर्बिणीचं. माझे आबा, म्हणजे हेच वडील, चव्वेचाळीस साली मराठा पलटणीतून इटलीत होते. नदीकाठच्या एका पडक्या घरात जर्मन लोक टाकून गेलेली ती दुर्बीण त्यांना सापडली. साहेबानं बघितली आणि म्हणाला, ठेव. तिच्यावर कारखान्याचं नाव नाही, बारीक तीन अक्षरं आहेत. शत्रूला कारखाना कळू नये म्हणून तसली खूण घालायचे. उजव्या डोळ्यात बघितलं की आत रेघा दिसतात. समोरची वस्तू किती रेघांची दिसते त्यावरून ती किती लांब आहे ते काढायचं. शाळेनं मला भागाकार शिकवला नाही, तो मी या दुर्बिणीवर शिकले. आबांना आता दोन्ही डोळ्यांनी धड दिसत नाही. मी गॉलवेला निघाले तेव्हा त्यांनी ती माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाले, “तिकडं समुद्र आहे म्हणतेस. तू बघ, मी मोजतो.” तेव्हापासून दर रविवारी फोनवर हेच चाललंय. मी सांगते, होडी चार रेघांची. ते विचारतात, होडी केवढी? आणि मग मनात भागाकार करून सांगतात, किती लांब ते.

जून महिन्यात शैलेंद्रराव आमच्याकडे जेवायला आले. जेवण झाल्यावर खिडकीशी दुर्बीण दिसली. “काकू, ही अस्सल आहे,” म्हणाले. हातात घेतली, उलटसुलट केली, बिजागरी बघितली, अक्षरं बघितली. त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या बापाच्या वस्तूचं कुणी कौतुक करतंय. म्हणाले, “क्लबात प्रदर्शन आहे, नेऊ का?” मी म्हटलं, “न्या की. तुमचीच समजा.”

आता बाया-बापड्यांनो, तुम्हीच सांगा. आपल्यात “तुमचीच समजा” म्हटल्यावर समोरचा काय म्हणतो? “असू दे, असू दे, तुमच्याकडेच शोभते.” असंच ना? पाहुण्याला आपण म्हणतो, लाजू नका, घर तुमचंच समजा. म्हणून आजवर कुणी माझा फ्रिज उचलून नेलाय का? घराचा सातबारा मागितलाय का? फिंटन साहेबांना हे कळलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. शैलेंद्रराव सदाशिव पेठेत वाढलेत. त्यांना हे कळत नाही?

जुलै गेला, ऑगस्ट आला. प्रदर्शन किती दिवस चालतं? मी एकटी बस पकडून शॅननला गेले. विचारत विचारत क्लबात पोचले. काचेच्या कपाटात माझी दुर्बीण. आबांनी पायाला गुंडाळायच्या फौजी पट्टीच्या कापडाचा शिवलेला पट्टा काढून टाकलेला, नवा चामड्याचा घातलेला. खाली पाटी. एका हिंदी बोलणाऱ्या बाईनं जाता जाता बोट ठेवून वाचून दाखवली: शैलेंद्र यांची भेट, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. जुन्या बाजारात. इटली नाही, आबा नाहीत, काही नाही. भंगारात मिळाली.

मग हे फिंटन साहेब आले. भला माणूस. चहा दिला, बिस्किट दिलं. मी काचेवर बोट ठेवून म्हटलं, “माय फादर.” ते म्हणाले, “ग्रँड, ग्रँड,” आणि पुढं म्हणाले, “युअर मॅन गेव्ह इट.” मला वाटलं, माझा माणूस म्हणजे माझा नवरा. मी म्हटलं, “नो. माय मॅन डेड.” त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, डोकं खाली घातलं. मला वाटलं, बघा, परक्या माणसाला माझ्या नवऱ्याचं आठ वर्षांनी वाईट वाटतंय. घरी येऊन केतकीला सांगितलं तेव्हा कळलं की इथं युअर मॅन म्हणजे ज्याच्याबद्दल बोलतोय तो. म्हणजे हे शैलेंद्रराव. ऑगस्टमध्ये यांच्या घरी फुलं आली, प्रार्थनेचं कार्ड आलं, तुम्ही महिनाभर हसत होता ना, कुणी अफवा उठवली म्हणून? मी उठवली. माफ करा, उल्काताई. मुद्दाम नाही केलं.

त्याच दिवशी मी शैलेंद्ररावांना फोन केला. म्हटलं, दुर्बीण आणून द्या. काय म्हणाले माहीत आहे? “काकू, दिलेली भेट परत मागायची इथं पद्धत नाही. आपल्या मंडळाचं नाव खराब होईल.” मी म्हटलं, मी भेट दिली नाही. “तुम्हीच म्हणालात, तुमचीच समजा. केतकी साक्षीला आहे.” वकिलासारखं बोलले माझ्याशी. ज्या पोरीला मी यांची वहिनी म्हणून यांना वाढायला सांगते, तिला साक्षीदार केली.

काय म्हणताय, शैलेंद्रराव? घरी बोलू? घरी बोलायला त्यानंतर चार वेळा फोन केला. दोनदा तुम्ही मीटिंगमध्ये होता, एकदा गाडीत होता, आणि एकदा उल्काताई म्हणाल्या, ते बाथरूममध्ये आहेत. तासाभरानंसुद्धा बाथरूममध्येच होता. इथं निदान तुम्ही खुर्चीत आहात आणि अंगावर शाल आहे. उठून कुठं जाल?

आता राहिलं आबांचं. चार महिने मी त्यांच्याशी खोटं बोलत होते. रविवारचा फोन यायचा, मी नुसत्या डोळ्यांनी खिडकीबाहेर बघायची आणि काहीतरी आकडा सांगायची. मागच्या रविवारी मी म्हटलं, “आबा, पलीकडच्या काठावर गाय दिसतीय.” ते म्हणाले, “किती रेघांची?” मी म्हटलं, “आठ.” मग म्हणाले, “गाय दोन मीटर लांब. आठ रेघांची गाय पाव किलोमीटरवर उभी असते. तुझ्या खिडकीपुढं दहा किलोमीटर पाणी आहे, तूच सांगितलंस. प्रभा, दुर्बीण कुठं आहे?”

फुटली का, विचारलं. नाही म्हटलं. हरवली का? नाही. मग सगळं सांगितलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “तू दिलीस, का त्यांनी घेतली? एवढं सांग, मग मी विचारणार नाही.” दिली म्हणावं तर बापाची वस्तू वाटणारी मी कोण. घेतली म्हणावं तर ज्या घरात माझं पोरगं जेवलं त्याला चोर म्हटल्यासारखं. काल फोन लागला तर आबा बोलायलाच आले नाहीत. भाऊ म्हणाला, झोपलेत. तिकडच्या दुपारी चारला ते कधीच झोपत नाहीत.

बावीस तारखेला मी दिवाळीसाठी गावी चाललीय. रिकाम्या हातानं त्या उंबऱ्यात मी जाणार नाही.

पद्मजाताई, तुम्ही मला मधे थांबवलं नाहीत, आभारी आहे. फिंटन साहेब, तुमचा चहा चांगला होता, तुम्हाला दुर्बिणीचा फोटो काढून ठेवायचा असला तर ठेवा, आबांचं नाव आणि पलटण मी लिहून देते. उल्काताई, तुमच्याशी माझं वैर नाही, पुण्याला सुखानं जा. कुणाला माझं बोलणं लागलं असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल तर अडाणी बाई म्हणून पदरात घ्या. दुर्बिणीबद्दल जे बोलले त्यातला मात्र एकही शब्द मी मागं घेत नाही.

शैलेंद्रराव, शुक्रवारी तुमचं विमान आहे. त्याच्या आधी, बुधवारी, बारा तारखेला, दुपारी चारच्या आत माझ्या दारात या. दुर्बीण घेऊन आलात तर चहा पाजीन. आणायची नसेल तर कागदावर लिहून आणा, मराठीत, खाली सही करून: मला दिली, का मी घेतली. आबा ऐकायला फोनवर असतील.