पाठीवरचा पांढरा दोरा

नाही हो साहेब, काढा, कोट काढाच – अंगावर असताना मी टाका घालत नाही. बटण असलं तरी नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, मान्य, पण नाही म्हणजे नाही. द्या इकडे. तुम्ही त्या स्टुलावर बसा, ते कापड सरकवा बाजूला. पारितोषिकाची मीटिंग तीनला आहे ना तुमची? – तुम्हीच फोनवर म्हणालात, मी काही कान लावून बसले नव्हते, पण दुकान एवढंसं, बोललेलं कानावर पडतंच. आता कुठं साडेबारा होतायत. बटण लावते आणि बाहीचं अस्तर सुटलंय तेही धरते, नाहीतर हात वर केलात की लोंबेल. तुमच्या तिथं मत द्यायला हात वर करतात का चिठ्ठी टाकतात? चिठ्ठी. बरं. मग अस्तराची तेवढी काळजी नाही.

तो पांढरा दोरा माझा आहे, साहेब. नाही, कोटाचा नाही – तुम्ही फोनवर म्हणत होता ना, एवढा गाजलेला सिनेमा आणि ऐन मोठ्या प्रसंगात राक्षसाच्या पाठीवर चक्क पांढरा दोरा दिसतो, असल्यांना कसलं पारितोषिक द्यायचं – तो. तो मी घातलाय. थोरल्याचं सगळं कातडं मीच शिवलं. थोरला म्हणजे तो राक्षसच, आम्ही सेटवर थोरला म्हणायचो त्याला. तुम्हाला वाटलं सगळं संगणकावर केलंय? डोळे केलेत, शेपूट केलीय. बाकी आत माणूस होता.

छे, राग कशाचा येतोय. चूक दिसली, तुम्ही बोललात, तुमचं कामच ते. आणि मी काही पक्षपाती नाही बरं का. गेल्या वर्षी तुम्ही ज्याला दिलंत ना पारितोषिक, तो खिडकीत बसलेल्या बाईचा – त्याचेही कपडे माझेच. तीन स्वेटर, तेही काचकागदानं घासून घासून जुने केलेले. चांगला होता सिनेमा. थेटरात आम्ही अकरा जण होतो, त्यातला एक घोरत होता, पण चांगला होता. आणि थोरल्याला म्हणे लोक तीन-तीनदा जातात, रडतात. आता लोक रडले म्हणजे सिनेमा थोर झाला असं थोडंच आहे? कांदा चिरतानाही रडतात. ते तुमचं बरोबरच आहे. मी पाहिलेला नाही तो. नाही, एकदाही नाही. लेकीनं पाहिलाय.

पांढरा का, तेही सांगते, तुम्हाला मीटिंगमध्ये सांगायला बरं. त्या कातड्याला चेन लावता येत नव्हती – चेन कॅमेऱ्यात दिसते, पाठ वाकली की उंटासारखी वर येते. म्हणून रोज सकाळी आतल्या माणसाला आत घालायचं आणि पाठ हातानं शिवून टाकायची, मानेपासून कमरेपर्यंत. संध्याकाळी ब्लेडनं एकेक टाका कापून बाहेर काढायचं. कात्री चालत नाही, खाली लगेच कातडी – खरी. एकेरी दोरा, लांब लांब टाके, म्हणजे घाई झाली तर टरकन ओढून उघडता यावं. त्रेचाळीस दिवस असंच चाललं. मग चव्वेचाळिसाव्या दिवशी शॉट सुरू असताना शिवण उसवली. माझी शिवण, साहेब. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. पन्नास माणसं हातावर हात धरून उभी, आणि दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाले, बाईंना सुई धरायला शिकवा कुणीतरी. रात्रभर तेच कानात.

तर दुसऱ्या दिवशी मी दुहेरी दोरा ओवला. दुहेरी, बारीक टाके, वर उलटी टीप – म्हटलं, आता उसवून दाखव. राखाडी रीळ आदल्या दिवशीच्या दुरुस्तीत संपलं होतं, दुकान उघडतं दहाला आणि शूटिंग सहाला, म्हणून पांढरा घेतला आणि वरून काळ्या पेननं रंगवला. त्या दिवशी खोटा पाऊस होता, पंपाचा. शाई गेली धुऊन. हा असा तुमचा दोरा.

ते म्हणाले होते, एकेरीच घाल गं, फार आवळतंय. आमचे हे. हो – आत आमचे हेच होते. मी सांगितलं नाही का? एवढ्या उंचीचा माणूस दुसरा मिळत नव्हता त्यांना, आणि ह्यांना काय, हौसच. घरी आरशासमोर चालून बघायचे, खांदे पाडून, म्हणायचे, थोरला काही वाईट नाही गं, त्याला नुसतं घरी जायचंय. लेक हसून हसून लोळायची. तर ते म्हणाले एकेरी घाल, आणि मी म्हटलं, गप्प उभे राहा, हलू नका. एवढंच बोलणं झालं आमचं त्या दिवशी.

सुई कुठं गेली – हं, ही काय, पदरालाच.

आमची एक खूण ठरलेली होती. आत बोललेलं बाहेर ऐकू येत नाही ना, म्हणून. जीव घाबरला तर डावा हात पाठीवर न्यायचा, म्हणजे मी येऊन उघडायचं. त्रेचाळीस-चव्वेचाळीस दिवसांत त्यांनी एकदाही हात नेला नाही. आणि त्या दिवशी, पुलावरचा तो शेवटचा प्रसंग – गुडघ्यावर बसतो थोरला, आणि हळूच डावा हात मागे नेतो, पोचत नाही, परत नेतो. त्यावरच रडतात ना लोक? लिहूनही आलं होतं कुठंतरी, लेकीनं वाचून दाखवलं, की जखम चाचपणारा तो हात म्हणजे काय नि काय. जखम कसली. मला बोलावत होते.

नाही, कळलं नाही असं नाही. कळलं. पहिल्यांदा हात हलला तेव्हाच कळलं. मी एक पाऊल पुढं टाकलंसुद्धा, आणि दिग्दर्शकांनी माझ्याकडे न बघताच तळहात आडवा धरला, थांबा. आणि मी थांबले. आमच्यात कट म्हटल्याशिवाय कुणी हलत नाही, साहेब, आग लागली तरी आधी कटची वाट बघतील – सत्तावीस वर्षांची सवय पायात होती. वाटलं, शॉट चाललाय चांगला, काल माझ्यामुळे बिघडला होता, आज पुन्हा बाईंमुळे नको. मग ते आडवे झाले. मग कट. मग टाळ्या, सगळ्या सेटनं टाळ्या वाजवल्या, इतका चांगला टेक. मी ब्लेड घेऊन धावले आणि दोरा तुटेना. दुहेरी, भिजलेला, प्रत्येक टाक्याची गाठ घट्ट झालेली. माझंच काम. फार चांगलं केलं होतं मी ते.

पाणी नको, तुम्हीच प्या. मला काही होत नाही. आधी व्हायचं, आता बोटाला सुई टोचली तरी रक्त दिसल्यावर कळतं. बाहेर सगळ्यांना असंच सांगितलं गेलं, की काम आटोपून घरी येताना गाडीत हृदय बंद पडलं. मीही सही केली. आणि लेकीला तेच सांगितलं. सांगणार काय दुसरं? ती तीनदा जाऊन आली. म्हणाली, आई, शेवटी थोरल्याच्या पाठीवर एक पांढरी रेघ दिसते बघ, ती काय असेल? तेव्हा मला कळलं की त्यांनी कुठला टेक ठेवलाय. मी म्हटलं, असेल काहीतरी, दिसतं कधी कधी.

तो निळा ड्रेस दिसतो का, खुंटीवरचा? तिचाच. नुसता खालचा हेम दुमडायचा राहिलाय. सिनेमाला तुमच्याकडून मान मिळाला तर कंपनी आम्हाला दोन खुर्च्या देणार आहे, म्हणजे मोठ्या पडद्यावर तोच प्रसंग दाखवतील आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवेल, आणि ती उभी राहून वाजवेल आणि मी तिच्याशेजारी. आणि नाही मिळाला तर तिचा बाप रबराचा होता, संगणकाचा होता, एवढंच राहील, कारण नाव असं कुठंच ठळक आलेलं नाही त्यांचं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. मला काहीच वाटेना. म्हणून हेम तसाच ठेवलाय.

छे छे, मी कुठं काय मागतेय. तुम्ही तुमचं मत द्या, नाहीतर नका देऊ, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. तुम्ही फोनवर आणखी एक म्हणालात, की असल्या सिनेमात अभिनय असतोच कुठं. तेही खरंच आहे. त्या प्रसंगात नाहीच.

हे घ्या, झालं. बघा घालून. बाही बरी बसली. एकेरी दोरा घातलाय, ओढलात तर सुटेल, तेवढं सांभाळा. पैसे राहू देत, त्याचं काय एवढं. आणि मीटिंगमध्ये दोऱ्याचं जरूर सांगा. दिसतोच तो. फक्त शिवणारीची चूक आहे म्हणावं, आतल्या माणसाची नाही. निघा आता, उशीर होईल. आणि लेक येईल एवढ्यात जेवायला, तिच्यासमोर नको. दार ओढून घ्या जाताना.