हापशावर भरलेली चौथी

आमचं गाव नायगावच्या अलीकडं, माळावर, आणि मी तिथल्या बौद्धवाड्यातली, शांता माझं नाव, बाप सालगडी, माय रोजानं जायची. मी आता लातूरला असते, लई वर्षं झाली, मास्तरीण होते, वर्गात अगदी छापील बोलायची बघा, पण घरी आलं की आपली बोली. तुम्ही तसंच लिवा, सुधरू नका, सुधरायचं काम म्या जिंदगीभर केलं.

काय सांगू तुम्हाला, शाळा म्हंजे मातीची एक खोली, चार वर्ग आणि एकच गुरुजी. सोमवारी पाढे, मंगळवारी शुद्धलेखन, गुरुवारी कविता, शुक्रवारी सगळ्यांनी आपापली पाटी कोळशानं घासून काळी करायची, पाटीबरोबर तोंड बी काळं, माय म्हणायची शाळेत गेलतीस का भट्टीवर. शनिवारी सकाळची शाळा, आधी कवायत, मग पोरींनी खोली सारवायची, मग घंटाभर मोकळं, लंगडी खेळा, गजगे खेळा, गुरुजी उंबऱ्यावर बसून आमची भांडणं ऐकायचे आणि मधी बोलायचे न्हाईत. घरचा अभ्यास रोज, तो बी पाटीवरच, आणि ती पाटी दुसऱ्या दिवशी न पुसता शाळेत न्यायची म्हंजे कसरत, अंगाला घासली की अभ्यास गेला, म्हणून डोक्यावर उताणी धरून चालायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सारवायला पाणी न्हाई, खोलीत नुसता फुफाटा. विहिरी आटल्या, गावाबाहेर सरकारनं एक हापसा बसवला, तेवढंच पाणी, दहा डाव हापसलं तवा एक धार. माय-बाप दोघं बी सडकेच्या कामावर खडी फोडायला, मग पाण्याचं काम माझ्याकडं, मी नऊ वर्षांची. दिसभर ओळ असायची. माणसं घागर ठेवायची, घागर नसली तर फुटकं मडकं, चप्पल, धोंडा, आपली वस्तू ओळीत म्हंजे आपण ओळीत, पण ती पुढं सरकवायला कुणी तरी लागतंय न्हवं, म्हणून घरोघरच्या पोरी तिथंच उभ्या. आमच्या वाड्याची ओळ येगळी होती, ते काय तुम्हाला सांगायला नको.

आता नियम असा होता की दहा दिवस लागोपाठ गैरहजर असलं की हजेरीतून नाव कापायचं. माझे आठ भरले. बाप म्हणला शांते, कापलं तर कापू दे, पाणी आधी, शाळेचं पुढच्या साली बघू. बाप वाईट न्हवता, पण माझ्या थोरल्या बहिणीचं बी असंच पुढच्या साली बघायचं होतं, ती लग्न होऊन गेली तरी कुणी बघितलं न्हाई. मला लई भ्या वाटलं. नाव गेलं की गेलं, एवढं त्या वयात बी कळत होतं.

नवव्या दिवशी म्या ठरवलं जायचंच. घागर एकच, ती मायनं कामावर नेलेली, दुपारी येणार. तवर ओळीत जागा तर राखायची. धोंडा ठेवला तर बाया पायानं ढकलून देत्यात, मग म्या माझी पाटी ठेवली, अभ्यास केलेली, कारण पाटी विद्या हाय, तिला कुणी पाय लावणार न्हाई, असं माझं डोस्कं. माघच्या म्हातारीला म्हणलं आजे, हिला सरकवत जा, आणि पळाले.

गुरुजींनी इचारलं पाटी कुटं हाय. म्हणलं ओळीत हाय. आणि अभ्यास. तो बी ओळीतच हाय. वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजींना वाटलं पोरगी थापा मारून राहिली, म्हणले चल दाखव, आणि सगळा वर्ग आमच्या माघं.

पाटी ओळीतच होती. म्हातारीनं उचलून उचलून पाच-सहा घागरी पुढं नेलती, एक अक्षर पुसलं न्हवतं. गुरुजी उकिडवे बसले, आमच्या ओळीत, आणि तिथंच अभ्यास तपासला, तेराचा पाढा सातव्या घरात चुकला होता, तो दुरुस्त केला. मग वर बघितलं त्यांनी. आठ-आठ दिवस गैरहजर लागत होत्या त्या सगळ्या पोरी दोन्ही ओळींत उभ्या होत्या. गुरुजींनी एकाला शाळेत पिटाळलं, हजेरी आणायला लावली, आणि तिथं उन्हात उभं राहून एकेकीचं नाव पुकारलं. माझं पुकारलं तवा मी हजर म्हणताना रडले.

दुसऱ्या दिवसापासून चौथीचा वर्ग हापशाजवळच्या लिंबाखाली, दोन ओळींच्या मधी. बाकीचे वर्ग बी तिथंच आणले. ओळ हलली की उठायचं, घागर सरकवायची, परत येऊन बसायचं. शनिवारचा मोकळा घंटा बी तिथंच, दोन्ही ओळींच्या पोरी एका ठिकाणी गजगे खेळायच्या. बायांनी नाकं मुरडली, पण लेकरं डोळ्यांपुढं होती म्हणून गप बसल्या.

मग तपासणीला साहेब आले आणि शाळेला कुलूप. कुणी तरी हापशाकडं बोट दाखवलं. गुरुजी म्हणले साहेब, शाळा बंद न्हाई, पाण्याला आलीया. साहेबांना काही ते रुचलं न्हाई. आमची वार्षिक परीक्षा झाली आणि गुरुजींची बदली किनवटच्या जंगलातल्या गावाला, म्हातारी आई इकडं, ते तिकडं. निकाल लागायच्या आधीच ते गेले.

मी शिकले. डी.एड. केलं, लातूर नवा जिल्हा झाला तवा जागा निघाल्या, त्यात लागले. एकदा मुदखेडच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत होते, तर बाकड्यावर गुरुजी, पार थकलेले. पाया पडले, ओळख सांगितली. म्हणलं गुरुजी, आमच्यापायी तुम्हाला किनवट बघावं लागलं. ते म्हणले ते राहू दे, त्या ओळीतल्या पोरी चौथी किती जणी पास झाल्या, मला निकाल कळलाच न्हाई. एवढी वर्षं. म्या म्हणलं सगळ्या, गुरुजी. त्यांनी डोळे मिटले, म्हणले मग किनवट लांब न्हवतं.

आता ते न्हाईत. मी बी रिटायर झाले. नोकरीत मी एवढंच केलं, एखादं लेकरू चार दिस दिसलं न्हाई की शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जायची, कधी उसाच्या फडात, कधी वीटभट्टीवर, ते असंल तिथं. बाकी मास्तरीण म्हणून मी कशी होते ते लेकरांना इचारा, पण माझ्या हातानं हजेरीतलं एक बी नाव कापलं गेलं न्हाई.