फिकट पिवळा

अंजली : फिकट पिवळा. स्वच्छ. हे तुम्ही आता तिसऱ्यांदा विचारलंत, गणराज.

गणराज : नाही, म्हणजे... नारंगी-बिरंगी काही दिसत नाही ना मॅडम?

अंजली : नारंगी हा शब्द मी उच्चारला नव्हता. लघवीची बाटली देताना लोक सहसा साखरेबद्दल विचारतात.

गणराज : रूमवरची पोरं काहीबाही भरवतात डोक्यात.

अंजली : तुमच्या रुमालावरचे नारंगी डागही त्यांनीच भरवले?

गणराज : हळदीचे असतील.

अंजली : हळदीच्या हातानं कोणी सारखा घाम पुसत नाही. घामाला असा रंग एका औषधानं येतो, क्षयाच्या. आणि कंपनीच्या या अर्जात ‘चालू औषधे’पुढे तुम्ही ‘नाही’ लिहिलं आहे.

गणराज : जरा हळू बोला. बाहेर बाकावर आमच्याच कंपनीची माणसं हायेत.

अंजली : प्रयोगशाळेचं दार बंद आहे. कितवा महिना?

गणराज : चौथा. नऊ वर्षं कंत्राटावर काढली मॅडम, चाकणला. आत्ता कुठं पर्मनंटच्या यादीत नाव लागलं, फक्त ही तपासणी राहिली. आन् लघवी बघावी तर झेंडूचं पाणी! पोरं म्हणायची, भावा, दसऱ्याला हार तुझ्याकडूनच घेऊ. मग केल्या तीन दिवस गोळ्या बंद.

अंजली : आणि रंग गेला.

गणराज : परवाच गेला.

अंजली : या नमुन्यात मी साखर, प्रथिनं, पेशी पाहते. तुमच्या छातीतला आजार त्यात दिसत नाही. तो दिसेल शेजारच्या खोलीतल्या एक्स-रेमध्ये, आणि ते यंत्र लघवीचा रंग विचारत नाही.

गणराज : म्हणजे उगाच बंद केल्या?

अंजली : उगाच असतं तर बरं होतं. तो रंग आजाराचा नव्हताच. रंगावरून तसं फार थोडं कळतं. बीट खाल्लं तरी लाल, पाणी कमी प्यायलं तरी गडद. पण तुमच्या बाबतीत औषध अंगात फिरतंय, एवढं तो नक्की सांगत होता.

गणराज : आई बी हेच म्हणते. गावच्या नर्सबाईनं सांगितलंय तिला. शाळेचं तोंड बघितलं नाही तिनं, पण रोज सकाळी फोन, ‘रंग आला का रे?’

अंजली : या तीन दिवसांत काय सांगितलंत?

गणराज : आला म्हणालो.

अंजली : थुंकी तपासली होती?

गणराज : दोन महिन्यांनी. जंतू नाहीत म्हणाले.

अंजली : मग तो कागद आणि उपचाराचं कार्ड कंपनीच्या डॉक्टरांना दाखवा. हा घ्या अर्ज. ‘नाही’ खोडा, खरं लिहा, बाजूला सही करा.

गणराज : आन् त्यांनी नाही घेतलं तर?

अंजली : तसं होऊ शकतं. होणार नाही, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. औषध मध्येच सोडलं की जंतू त्याला सरावू शकतात, एवढं माहीत आहे. मग हीच गोळी पुन्हा चालेल याचा भरवसा नसतो.

(गणराज अर्ज स्वतःकडे ओढतो.)

गणराज : पेन द्या.

अंजली : गोळ्या कुठे आहेत?

गणराज : पिशवीतच. रूमवर ठेवल्या तर पोरं बघतात.

अंजली : रक्त देऊन झालंय, अजून उपाशीच आहात. या गोळ्या उपाशीपोटीच घ्यायच्या, वेळ योग्य आहे. फक्त आजच्या घ्या, तीन दिवसांच्या मिळून नव्हे. मग थेट गोळ्या मिळतात त्या दवाखान्यात जाऊन खाडा सांगा.

गणराज : खाडा भरून निघतो का मॅडम?

अंजली : ते तिथले डॉक्टर ठरवतील. पाणी त्या कूलरचं घ्या. (गणराज गोळ्या गिळतो.) फोन वाजतोय तुमचा.

गणराज : आईचा हाय.

अंजली : बोला. पुढचं नाव मी थांबवून ठेवते.

गणराज : हां, आई... न्हाई आला. तीन दिवस झाले, खोटं बोललो मी... आगं, ऐक की. आत्ता घेतल्या, या मॅडमसमोर. दुपारी परत लाव फोन.