नरसम्माच्या घरचा सोफा

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, आणि मला एक सांगा — आपली गरिबी झाकली, तर ते खोटं वागणं झालं का? हो? का नाही? ...बघा! निम्म्या माना उभ्या हलतायत, निम्म्या आडव्या! माझीही तीच गत. म्हणून ही कथा तुमच्यापुढं ठेवतो.

सोलापूर. पूर्व भागातली अरुंद गल्ली. तिथं नरसम्मा येमूल. नवरा यंत्रमागावर, ही विड्या वळणारी. आणि लेक श्रीलता — बारावीला अशी चमकली, की कॉलेजचा निरोप आला : कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी आमची शिष्यवृत्ती आहे. फी आमची, पुस्तकं आमची! फक्त बिराजदार सर एकदा घरी येऊन परिस्थिती बघून जातील.

आणि नाही मिळाली तर? तर लेकीनंही सूप मांडीवर घ्यायचं, आईशेजारी विड्या वळायच्या!

"आई, सर परिस्थिती बघायला येणारेत."

"येऊ दे की! चांगली दाखवू!"

हसता काय? तुमच्याकडं पाहुणा आला, की फाटकी चादर अंथरता का नवी?

गल्ली कामाला लागली! भूदेवी अक्कांनी सुनेच्या माहेरचा सोफा दिला. समोरच्यांचा फ्रिज आला — वायर पोचेना, तर नुसताच उभा! कुणाचा पंखा, कुणाचे कप... श्रीलता म्हणते, "आई, काहीतरी चुकतंय गं." पण काय चुकतंय, ते तिलाही सांगता येईना!

सर आले. सोफ्यावर टेकले. फ्रिजकडं बघतात, पोरीकडं बघतात — चक्रावले बिचारे! म्हणाले, "बाई, देवाच्या दयेनं तुमचं बरं चाललंय. आमची मदत ज्यांच्या घरात काही नाही, त्यांच्यासाठी."

आता? पोरीनं खरं सांगावं, तर पाहुण्यापुढं आईची मान खाली! गप्प बसावं, तर कॉलेज गेलं! बोला की, काय करावं तिनं? ...तुम्हीही गप्प? तीही गप्पच. नुसते डोळे भरून आले.

ते डोळे नरसम्मानं पाहिले. उठली, दारात गेली —

"ओ भूदेवी अक्का! तुमचा सोफा घेऊन जावा!"

अक्का पळत आल्या. "अगं, सर बसलेत की त्याच्यावर!"

"सर, उठा ओ जरा."

सर उठले — हातात कप! सोफा गेला, फ्रिज गेला, पंखा गेला. सरांनी घाबरून कपाकडं पाहिलं. "तोपण शेजारचाच हाय ओ. पण चहा आमचा. प्या निवांत."

उरलं काय? चटई आणि तंबाखूचा वास. सर चटईवर बसले. "बाई, हे आधीच का नाही दाखवलं?"

"पाहुण्याला भुईवर बसवायचं कसं ओ, सर?"

सरांनी चहा संपवला, कप जपून चटईवर ठेवला. मग पोरीला म्हणाले, "सोमवारी ये, बाळ. प्रवेश घेऊन टाकू."

तर नरसम्मा खोटं वागली का? मंडळी, खरं सांगतो — मला अजून ठरवता येत नाही! पण आपण शाळेत वह्या वाटतो ना? पोरांना रांगेत उभं करतो, "बाप काय करतो रे?" म्हणून चारचौघांत विचारतो, वर फोटो! अहो, देव आपल्याला रोज देतो, तो कधी घर बघायला आला का? आला असता, तर आपण काय काय मागून आणलं असतं!

चला, घ्या त्याचं नाव. आणि हात जोडताना एवढं आठवून बघा — आपल्याकडून काही घेताना, शेवटचं कोण लाजलं होतं?