भोक बोटाएवढंच

— जाळी नव्हे हो, जाफरी! फोटो जाफरीचा दाखवताय अन् म्हणताय जाळी. स्वल्प बसा इथं, जरा टेका, स्टुलावरचा भुसा झटका. जाळी तारेची, आरपार दिसतं. जाफरी म्हणजे लाकडी पट्ट्या, तिरप्या, एकीवर एक ठोकलेल्या. आतल्या बाईला रस्ता दिसावा, रस्त्यावरच्याला बाई दिसू नये — म्हणून भोक बोटाएवढंच. अख्ख्या शिवाजीनगरात यात या आप्पाजी सुताराचा हात कुणी धरत नाही, कुणालाही विचारा.

कुणासाठी म्हणालात? आईसाठी? उठून लिफ्टनं खाली जातात, घर विसरतात... म्हणून दारापुढं जाफरी, कडी बाहेरून. सरी, सरी, बरोबर आहे. महादेवपुऱ्यात दोघं नोकरीला, जवळ बसणार कोण — मला नाही कळणार तर कुणाला कळणार? आमच्या शिवलीलेचं तेच झालं. बायको माझी. दोनदा बसस्टँडवर सापडली, दुसऱ्यांदा अनवाणी. मग मीच पडवीला जाफरी ठोकली, सागाची, कडी बाहेरून. ती आत खुर्ची टाकून बसायची, चार बोटं भोकांतून बाहेर. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय अक्का, ऊटा आयता?" — जेवण झालं का म्हणून — की बोटं हलायची. चेहरा? चेहरा कसा दिसेल? मी केली होती ना!

त्या दिवशी पार तिकडं बनशंकरी भागात माप घ्यायला गेलो, सकाळीच. दुपारी शेजारचा परसू गेला तिथनं, समोरची नयना दोनदा गेली, सगळ्यांना बोटं दिसली. हलली नाहीत — तर म्हणाले, डोळा लागला असेल अक्काचा. पाचला मी आलो. मीसुद्धा बोटं बघितली हो! "आलो गं" म्हटलं, मागच्या दारानं आत गेलो, चहा ठेवला. दोन कप. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेली. बोटं तेवढी अडकून राहिली, भोकच तेवढं. हाक मारली असेल का हो? तोंड उघडलं असेल, कुणाला दिसणार... तारेची जाळी असती तर नयनाला दिसली असती. माझ्या कसबानं घात केला, दुसऱ्या कुणी नाही.

नको, माप नका सांगू, मी करणार नाही. कितीही द्या. अन् ती मागं भिंतीला टेकवलीय ना, पडवीतलीच, ती विकायची नाही — अहो, हात लावू नका! भोकात बोट घालू नका म्हटलं ना, काढा, काढा आधी!

...बसा. नाही, बसू नका. आत्ता आईजवळ कोण आहे?

कुणीच नाही? कुलूप लावून आलात?

मग इथं काय करताय? जा!