यंदा जन्मलेला क्लब

वाल्सोरेनाच्या मैदानावरील तिकीटखिडकीपुढे, रविवारच्या प्रसन्न उन्हात, मी रांगेत उभा होतो. दिवाळे निघालेल्या आमच्या फुटबॉल क्लबाची नव्या मालकाने नुकतीच पुनःस्थापना केली होती. माझ्यापुढे वृद्ध ओरेस्ते आणि त्यांचे बालमित्र ग्वेरिनो होते. ओरेस्ते खिडकीतल्या मुलीशी बोलत होते.

“पोरी, माझी जुनी जागा दे. शेजारची रिकामी ठेव. ती माझ्या निवेसची, देवाघरी गेलेल्या बायकोची.”

“आजोबा, जुन्या जागा रद्द झाल्या. क्लब यंदाच स्थापन झालाय. नव्या मफलरवरही तसंच छापलंय.”

“यंदा? मग माझ्या बापानं द्राक्षाच्या रसात संघाचे पहिले सदरे बुडवून रंगवले, ते कुणासाठी? निवेस जन्मभर घसा फोडून ओरडली, ती कुणासाठी?”

“मालकांचा हुकूम आहे, आजोबा.”

“ओरेस्ते, आवर की! सामना सुरू होईल.”

“कसला सामना, ग्वेरिनो? यंदा जन्मलेलं पोर अजून रांगतंय!”

“चिडून काय होणार? मिळेल ती जागा घे.”

“घेतो. पोरी, पाहुण्या संघाच्या बाजूचं तिकीट दे.”

“अहो, तिथे विरुद्ध संघाची माणसं बसतात!”

“बसू देत. इथे मला कुणी ओळखत नाही, म्हणजे मी पाहुणाच.”

मुलीने त्या बाजूच्या तिकिटांचा गठ्ठा पुढे ओढला.

“दोन दे, पोरी,” ग्वेरिनो म्हणाले.