यानाचं दार

हसू नका, पण मी आयुष्यात एकदाच ओरडलोय, तेही माणिकपूरला, पुस्तकं वाचणाऱ्यांच्या बैठकीत.

आमचा विज्ञानकथांचा गट आहे. गोष्ट लिहून आणायची, पण नाव घालायचं नाही, लोपीस सर ती वाचून दाखवतात. मी नववीत शाळा सोडलेली, सातिवलीत बॉयलरच्या टाक्या बनवतो. मला ते निनावीपण बरंच वाटलं.

माझी अवकाशयानाची गोष्ट वाचून संपली तसे सर म्हणाले, "निखिल, तूच ना? इंजिनियर लपत नाही रे!"

निखिल नुसता हसला. टाळ्या पडल्या. बोलावं, तर पहिला प्रश्न येणार, शिकलास किती?

मीनल गोष्टींची चित्रं काढते. तिने विचारलं, "निखिल, यानाचं दार आत उघडतं की बाहेर?"

"बाहेर," निखिल म्हणाला.

"आत!" मी उभाच राहिलो. "आमच्या टाकीचं झाकणपण आतूनच बसतं. बाहेर उघडणारं दार आतल्या हवेच्या दाबाने उडेल, यानातली सगळी माणसं मरतील!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मेली तर मेली," निखिल म्हणाला, "तुला का एवढं लागलंय?"

"माझी माणसं आहेत ती."